मुंग्यांच्या फौजेतला पाहुणा

किड्यांची मला आवड नव्हती, आजही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकीकत ऐकली की लोकांना वाटतं, मी फुलपाखरांमागं धावणारी मुलगी असणार. मी चौदा वर्षांची होते, मला शाळा सोडायची नव्हती, आणि ती सुटते की राहते हे एका तिळाएवढ्या किड्यावर येऊन ठेपलं होतं.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. नांदेडच्या जुन्या गावात माळवदाच्या घरात आम्ही तिघं राहत होतो. वडील, त्यांची थोरली विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. आई मी फार लहान असताना गेली, त्यामुळं तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही. वडिलांना मी अण्णा म्हणत असे. ते सरकारी शाळेत सायन्सचे मास्तर होते. शाळेत उर्दूतून शिकवायचे, आणि घरी आले की भिंतीशी उकिडवे बसून मुंग्या बघायचे.

आत्यानं माझ्यासाठी लातूरचं स्थळ धरून ठेवलं होतं. घरची अडत, मुलगा एकुलता एक, मंडळी पावसाळा संपला की मला बघायला येणार होती. आत्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. गावातली हवा बिघडलेली होती. खाकी कपडे घातलेली टोळकी बाजारातून कवायत करत जायची. उमरीकडची आमची ओळखीची दोन घरं सामान बांधून वऱ्हाडात निघून गेली होती. दिवस मावळायच्या आत सगळ्या गल्लीत कड्या लागायच्या. आत्या म्हणायची, "पोरीला तिच्या घरी पोचती केली की मला झोप लागंल. शिकून काय मुन्सफ व्हायचीय का?"

मुन्सफ व्हायचं नव्हतं. मला मॅट्रिक व्हायचं होतं. मुलींच्या शाळेत वरचे वर्ग नुकतेच सुरू झाले होते, आणि माझा नंबर वरचा असायचा. आत्याला हे सांगून उपयोग नव्हता. अण्णांना सांगितलं तर ते मान हलवायचे आणि आत्या समोर आली की गप्प बसायचे.

त्यांच्याकडं एकच तोड होती, ती म्हणजे हैदराबाद. तिथल्या कॉलेजातले एक प्राध्यापक किड्यांचे जाणकार होते. त्यांच्या संग्रहालयात मदतनीसाची एक जागा निघायची होती. ती अण्णांना मिळाली की आम्ही हैदराबादेला जाणार, तिथं मुलींच्या चांगल्या शाळा, आणि लातूर आपोआप लांबणीवर. जागा मिळवायची तर काहीतरी करून दाखवायला हवं होतं. अण्णांच्या मते ते काहीतरी आमच्या भिंतीपाशी चालत होतं.

आमच्याकडं पावसाळ्यात एका जातीच्या मुंग्या निघतात. त्यांना घर नसतं. हजारोंनी एकत्र राहायचं, आज या दगडाखाली तर चार दिवसांनी त्या झाडाच्या मुळाशी. साखर, गूळ, धान्य कशालाच तोंड लावायचं नाही. दुसऱ्या मुंग्यांच्या वारुळावर धाड घालायची आणि त्यांची पिल्लं उचलून आणायची. आम्ही त्यांना फौजच म्हणायचो. अण्णांनी एकदा या फौजेच्या रांगेत एक किडा चालताना पाहिला. रंग मुंगीचा, कंबर मुंगीसारखी बारीक, चाल मुंगीची. पण तो मुंगी नव्हता, भुंगेरा होता. पंखांवरची टोपणं आखूड, अर्ध्या बंडीसारखी, आणि हात लावला की मागचा भाग वर उचलायचा. मुंग्या त्याला मिशांनी चाचपून पुढं जाऊ द्यायच्या. अण्णा त्याला पाहुणा म्हणायचे. एक पाहुणा त्यांनी हैदराबादेला पाठवला होता. तो पोचेपर्यंत त्याचं डोकं तुटून गेलं. प्राध्यापकांनी कळवलं की बिनडोक्याच्या किड्यावरून काही सांगता येत नाही, पण असा आजवर कुणी नोंदवलेला दिसत नाही. धडधाकट चार-सहा मिळाले, तेही त्या मुंग्यांसोबत जिवंत, तर बघू.

आणि एका श्रावणात ते स्वतःच यायचे ठरले. मनमाडकडं जाताना सकाळच्या गाडीनं नांदेडला उतरणार, संध्याकाळच्या गाडीनं पुढं जाणार. त्या दिवसांत हैदराबादेहून कुणी परत कधी येईल याचा काही भरवसा नव्हता. जे दाखवायचं ते त्याच दिवशी दाखवायला हवं होतं.

त्या सकाळी अण्णा उठले तेव्हा आमच्या भिंतीपाशी एकही मुंगी नव्हती.

आमच्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये एक भिंत आणि भिंतीत एक बुटकं दार होतं. शेजारी अत्तरवाल्यांचं घर. अत्तर, सुरमा, उदबत्ती असा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. त्या घरच्या म्हाताऱ्या सासूबाईंना मी खाला म्हणायची आणि त्यांच्या सुनेला भाभी. दार बायकांच्या येण्याजाण्याचं. विस्तव, दही, कढीपत्ता सगळं त्या दारातून जायचं. हवा बिघडल्यापासून ते जास्त वेळ बंद असायचं, पण कडी कुणी लावली नव्हती. अण्णा मात्र त्या दारातून कधीच गेले नव्हते. पलीकडं जनाना होता.

अण्णा भिंतीशी उकिडवे बसून बोटानं माती उकरत होते, तेवढ्यात ते दार उघडलं आणि खालांनी फक्त नाक बाहेर काढलं.

"अगे पोरी, तुझ्या बापाची फौज हमारे घर आई."

"कुठं?"

"जच्चाच्या खोलीला लागून. फरशीच्या खाली. तुझी आत्या रोज भिंतीला साखर-पीठ घालती पुण्य लागायला. त्यानं मुंग्या माजल्या, अन् त्यांना खायला ये फौज आई. पुण्य तुमचं, डंख हमारे."

आत्या आतून म्हणाली, "मुंग्यांना साखर घालावी असं आमच्यात हायच. फौज मी न्हाई बोलावली."

"मैं कब बोली बुलाए? मी दोन हंडे पाणी ठेवलंय चुलीवर. उकळलं की ओतती."

अण्णा भिंतीच्या अलीकडून ओरडले, "खालाबी, पाणी नका ओतू! सगळे शिजतील!"

"मास्तर, शिजवायलाच ओतती. अन् जरा हळू बोला, माझी सून निजली."

भाभी आठवड्याभराची बाळंतीण होती. ज्या खोलीत ती आणि बाळ होतं, तिच्या उंबऱ्यापासून दोन हातांवर ती फरशी होती. खाला घाबरल्या होत्या ते उगाच नव्हतं.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी आधीच परकराचा काचा मारला होता.

"खाला, पाणी उकळायच्या आत मी तुमच्या अंगणातून चार किडे घेऊन जाते. मग तुम्ही काय ते करा."

"किडे? कायकू?"

"हैदराबादचे साहेब बघायला येणार आहेत."

खाला हसल्या. "हैदराबादेत किडे खतम झाले काय?"

पण त्यांनी दार सोडलं.

मी पहारीनं फरशीची एक बाजू उचलली आणि खाली विटेचा तुकडा सारला. आत मुंग्यांचा एक लालसर गोळा होता, मुठीएवढा, सगळाच्या सगळा हलणारा. अण्णांनी मला शिकवलं होतं तशी झाडूची एक हीर मी पाण्यात बुडवली. टोक ओलं असलं की किडा चिकटतो आणि दुखावत नाही. गोळ्याच्या कडेला चमकणारे, मागची बाजू वर करणारे किडे दिसले. एक, मग दुसरा, मग तिसरा. मुंग्या मनगटावर चढल्या होत्या आणि त्यांचा डंख सुईच्या टोचण्यासारखा होता, पण ती त्या वेळची मोठी गोष्ट नव्हती. मोठी गोष्ट ही की अण्णांनी दिलेली काचेची नळी माझ्या पायाखाली फुटली.

"खाला, एखादी बाटली द्या. कोरडी."

अत्तरवाल्यांच्या घरी कोरड्या बाटलीला काय तोटा. खालांनी कोनाड्यातली एक छोटी कुपी आणून दिली. "घे. काल गरम पाण्यानं धुतलेली हाय. साफ." मी तीन पाहुणे आणि त्यांच्यासोबतच्या वीस-पंचवीस मुंग्या तिच्यात घातल्या, बूच लावलं आणि पळत घरी आले.

प्राध्यापक ओसरीवर बसले होते. टांग्यातून उतरून चहा घेत होते. काळी शेरवानी, पांढरी दाढी, खिशाला भिंग. अण्णांनी कुपी दोन्ही हातांनी त्यांच्या पुढं धरली. त्यांनी भिंग लावलं. मग बूच काढून त्यांनी कुपी नाकाशी नेली.

"हिना," ते म्हणाले.

"म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"मास्तरसाहेब, या मुंग्यांना डोळे नसतात. आपलं कोण, परकं कोण हे त्या वासानं ओळखतात. तुमचा हा पाहुणा त्यांच्यात राहतो तो त्यांचाच वास अंगाला लावून. या कुपीत हिनाचं अत्तर होतं. धुतलं तरी हिना काचेतून जात नाही. आता सगळ्यांना हिनाचा वास. कुणी कुणाचं नाही."

मी वाकून पाहिलं. कुपीच्या तळाशी मुंग्या एकमेकींना धरून लोळत होत्या. एका पाहुण्याचे कमरेपासून दोन तुकडे झाले होते. दुसऱ्याला पाय उरले नव्हते. तिसरा मुंग्यांच्या खाली कुठंतरी होता, त्याची फक्त एक मिशी दिसत होती.

"यातला एकही पूर्ण नाही," प्राध्यापक म्हणाले. आवाज सौम्य होता. "यावर मला काही लिहिता येणार नाही."

आत्या आतून पोह्यांच्या बश्या घेऊन आली. तिनं कुपीकडं पाहिलं नाही, पण अण्णांचा चेहरा पाहिला आणि मला म्हणाली, "झालं तुमचं? आता हात धू. बाळंतिणीच्या घरून आलीस, आंघोळ केल्याशिवाय चुलीला शिवू नको."

मी अण्णांची दुसरी नळी घेतली आणि पुन्हा बुटक्या दारातून गेले. अण्णा भिंतीपर्यंत माझ्या मागोमाग आले.

खाला हंडा उतरवत होत्या. वाफेनं त्यांचा चेहरा ओला झाला होता.

"खाला, थांबा."

"बस झालं गं. तू फरशी उचललीस तेव्हापासून त्या चवताळल्या. दोन मुंग्या खोलीच्या उंबऱ्यावर आल्या. माझं लेकरू आत हाय."

"पाणी ओतलं तर अर्ध्या मरतील, अर्ध्या पळतील. पळून कुठं जातील? खोलीत."

त्या थांबल्या. हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

भिंतीपलीकडून अण्णा म्हणाले, "धूर द्या. धुराला कंटाळल्या की पिल्लं उचलून आपणहून घर सोडतात. एका रांगेत जातात."

"मास्तर, तुमची जबान बी पर्द्यात ठेवा," खाला म्हणाल्या, पण हंडा त्यांनी परत चुलीवर ठेवला. मग हळूच मला म्हणाल्या, "आपणहून जात असतील तर बरंच. घरात नवा जीव आला अन् हजार जीव उकळायचे, मलाबी पटून नाही राहिलं."

बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी मी बाहेर आणली. तिच्यावर लोबान होताच, वर कडुलिंबाचा पाला घातला. फरशीच्या उचललेल्या बाजूला शेगडी लावली आणि सुपानं वारा घालायला लागले. धूर फरशीखाली शिरला. मी हीर ओली करून, नळी तयार ठेवून बसले. अंगणात रांग निघाली की वेचायची, असा माझा हिशोब होता.

रांग निघाली नाही. मी वारा घालत राहिले. धूर आत जात होता आणि कुठूनच बाहेर येत नव्हता, यावरून मला समजायला हवं होतं. खोलीतून भाभी किंचाळली.

त्या फरशीखालची पोकळी उंबऱ्याखालून खोलीत गेलेली होती. बाहेरून धूर आला म्हणून सगळी फौज आतल्या फटीतून वर निघाली होती.

मी आत गेले. खोलीत अंधार होता. गल्लीकडचं दार चाळीस दिवस बंद ठेवायचं असा त्यांचा रिवाज, बाहेरचं वारं लागू नये आणि नजर पडू नये म्हणून. फटींनासुद्धा कापड लावलेलं. भाभी बाजेवर उभी होती, बाळाला छातीशी धरून. बाळ रडत नव्हतं, त्याचा श्वास अडकल्यासारखा आवाज येत होता, आणि ते जास्त भीतीचं होतं. जमीन हलत होती. मुंग्या बाजेच्या दोन पायांवर चढल्या होत्या. मी पाण्याची सुरई उचलली आणि दोन्ही पायांवर ओतली, मग बाजेवर चढून गोधडीवरच्या मुंग्या हातानं झाडल्या. बाळाच्या पायावर तीन होत्या, त्या चिमटीत धरून काढल्या. तेव्हा कुठं ते मोठ्यांदा रडलं.

त्याच वेळी खाला उकळता हंडा घेऊन दारात आल्या.

"हट! बाजू हो!"

"खाला, भाभी भाजेल! पाणी बाजेखाली जाईल!"

"मग काय करू? तूच आणलीस आत, आता तूच सांग!"

खोलीला दोनच दारं. अंगणाकडून धूर येत होता, त्यामुळं मुंग्या तिकडं वळत नव्हत्या. भिंतीला लागून गोल गोल फिरत होत्या. त्यांना बाहेर जायचं होतं आणि जायला वाट नव्हती.

"हे दार उघडा," मी गल्लीकडच्या दाराकडं हात केला.

"चिल्ला हाय. नक्को."

"खाला!"

"चाळीस दिवस व्हायचेत. मेरी सास ने नहीं खोले, मैंने नहीं खोली. अन् गल्लीत आज कोन हाय माहीत का तुला? सकाळपासून पोरं फिरून राहिलीत."

मला माहीत होतं. मीही ऐकलं होतं त्यांना.

भाभी बाजेवरून म्हणाली, "अम्मी, खोलो." तिचा आवाज इतका लहान होता की आधी कुणालाच कळलं नाही. मग ती ओरडली, "खोलो!"

खालांनी हंडा खाली ठेवला. फटीतलं कापड ओढून काढलं, अडसर सरकवला. उजेड एकदम आत आला. त्यांनी स्वतः ओढणी तोंडावर घेतली, भाभीवर चादर टाकली आणि दाराच्या आड उभ्या राहिल्या.

मुंग्यांना दिसत नाही, तरी मोकळी हवा लागताच त्यांनी वाट धरली. आधी दहा-वीस, मग बोटभर रुंद रांग, उंबरा ओलांडून गल्लीच्या मातीत. पांढरी पिल्लं पोटाखाली धरून चाललेल्या. मी उंबऱ्याशी गुडघे टेकले. उजेडात रांग स्वच्छ दिसत होती. पाहुणे सगळ्यांत मागं होते, पिल्लांच्या मागोमाग.

पहिला नळीत गेला. दुसरा. मग माझ्या समोर, रांगेच्या पलीकडं, पायांतले बूट येऊन उभे राहिले. खाकी पायजमे. चारजण असतील. मी वर पाहिलं नाही.

"क्या हुआ? चीख किसकी थी?"

माझ्या कपाळावर कुंकू होतं आणि मी बुरख्याच्या घराच्या उंबऱ्यावर बसले होते, आत बाळ रडत होतं, भाभी चादरीखाली हुंदके देत होती. हे बाहेरून कसं दिसत होतं ते मला समजत होतं. भिंतीपलीकडं अण्णा उभे होते, आणि ते काही बोलतील अशी भीती मला त्या बुटांपेक्षा जास्त वाटली.

"ये लडकी किसकी है?" दुसऱ्यानं विचारलं. "यहाँ क्या कर रही है?"

दाराआडून खाला बोलल्या. आवाज चढवला नाही.

"मेरी है. चीटियाँ निकाल रई है. मेरी बहू चिल्ले में है, तुम लोगां दरवाजे में कायकू खडे? माँ-बहनां नै क्या घर में?"

बूट हलले नाहीत.

"अन् पाँव देखो अपने," खाला म्हणाल्या, "चढ रई."

एकानं पाय झटकला, मग दुसऱ्यानं. खरंच चढल्या होत्या. कुणीतरी हसलं, कुणीतरी शिवी दिली, आणि बूट निघून गेले. मी मान वर केली नाही. तिसरा पाहुणा, चौथा. पाचवा हुकला, तो मी पुढं सरकून उचलला. सहावा मिळाला तेव्हा रांग संपत आली होती. फौज गल्ली ओलांडून समोरच्या पडक्या भिंतीत शिरली.

खालांनी दार लावलं. अडसर घातला. मग माझ्या पाठीत एक धपाटा मारला, चांगला जोरात, आणि बाळाच्या पायाला तुपात हळद कालवून लावायला बसल्या. मी नळी घेऊन घरी पळाले.

प्राध्यापकांनी नळी उजेडाला धरली. सहा पाहुणे, सहाही पूर्ण, आणि सोबतच्या मुंग्या त्यांना काही करत नव्हत्या. त्यांनी बराच वेळ भिंग हलवलं. शेवटी म्हणाले की हा त्यांच्या माहितीतल्या कुठल्याच जातीशी जुळत नाही, हैदराबादेला जाऊन पोट उघडून बघतील, पण बहुधा नवा आहे. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, हैदराबाद झालं.

"जागेचं मात्र," प्राध्यापक म्हणाले, "आता काही सांगता येत नाही. हैदराबादेत सगळंच अधांतरी आहे. पुढच्या वर्षी कॉलेज कुणाच्या हातात असेल, मी तिथं असेन की नाही, मलाच ठाऊक नाही. तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. आत्या ऐकत होती.

"पण हे काम अर्धं राहायला नको," ते पुढं म्हणाले. "पाहुण्याची पिल्लं कुठं वाढतात, तो काय खातो, फौज घर बदलते तेव्हा तो कसा जातो, हे सगळं इथंच राहून बघायला हवं. हा पावसाळा, पुढचा पावसाळा. कागदावर तुमचं नाव माझ्या जोडीला राहील."

"मी करीन," अण्णा म्हणाले.

"कसं करणार? ही फौज घराघरांतून फिरते. निम्मी घरं पर्द्याची. आज तुम्ही भिंतीच्या अलीकडंच उभे होतात." ते माझ्याकडं वळले. "काम हिनं केलं."

आत्या दारात आली. साहेबांसमोर ती सहसा यायची नाही. "तिचं लगीन ठरतंय," ती म्हणाली. "लातूरला."

प्राध्यापकांचा तो विषय नव्हता. अण्णा खाली बघायला लागले, नेहमीसारखे. ते असेच बघत राहिले असते तर पुढचं सगळं मला माहीत होतं. लातूर, अडत, आणि कुणाचं तरी स्वयंपाकघर.

"मी हे काम करीन," मी म्हणाले. "नांदेडला असेन तोवर. आणि शाळेत असेन तोवरच. लग्न केलं तर लातूरच्या सासऱ्याच्या घरात मला कुणी फरशी उचलू देणार नाही."

"तोंड बघा पोरीचं!" आत्या म्हणाली. "साहेबांसमोर सौदा करते!"

"मॅट्रिकपर्यंत," मी अण्णांना म्हणाले. "नाहीतर दुसरी कुणी शोधा."

दुसरी कुणी नव्हती. अण्णांना ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी नळी प्राध्यापकांच्या हातातून घेतली, तिच्याकडं पाहिलं, मग आत्याकडं.

"अक्का, लातूरला कळवून टाक. आत्ता नाही म्हणावं."

"काय म्हणून कळवू? पोरगी मुंग्या राखते म्हणून?"

"तसंच कळव."

आत्या दोन दिवस आमच्या दोघांशी बोलली नाही. खाला त्याहून जास्त दिवस बोलल्या नाहीत. बुटकं दार लोटलेलं राहिलं. बाळाच्या पायाची सूज उतरल्यावर एका दुपारी त्यांनी ते उघडलं आणि विचारलं, "तुझी फौज आता कोनाच्या घरी?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या घरी त्यांची चुलतबहीण आहे, एकटी जाऊ नको, त्या सोबत येतील. त्या पावसाळ्यात आम्ही दोघी मिळून सहा घरांत गेलो. किडा पुढं नवाच ठरला. त्याचं लॅटिन नाव मला आजही नीट म्हणता येत नाही, आणि त्याला तसं कुणी हाकही मारत नाही.

त्या संध्याकाळी साहेबांना गाडीवर सोडून अण्णा परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. माझी बोटं डंखांनी इतकी सुजली होती की मूठ मिटत नव्हती. आत्यानं न बोलता कोमट पाण्याचं घंगाळं पुढं सरकवलं. दुसऱ्या दिवशी शाळेत टाक धरता येत नव्हता. बाईंनी विचारलं, लिहिता येत नाही तर आलीस कशाला. मी म्हटलं, ऐकायला.